ट्रेलरचा नवा एक्सल

आमच्या ट्रेलरचं काय झालं, सांगितलं न्हाई ना तुमाला? जीपमागं जोडून फिरायला न्यायची, दोन माणसं झोपतील एवढी ती डबी. तिचा एक्सल वाकला, स्प्रिंगचे पाटे तुटले. बायकोला घेऊन कडा गावात रशीदभाईकडं गेलतो. हा माणूस जन्मभर उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतोय.

त्यानं विचारलं, "किती टन भरता?"

"भरत काय न्हाई. आमी नवराबायको आत झोपतो."

त्यानं डबीत डोकावून बघितलं. "घर न्हाई का?"

"हाय की, पाटोद्याला."

"मग भांडण झालंय का?"

बायको म्हणाली, "अजून न्हाई."

त्यानं ट्रॉलीचाच जाडजूड एक्सल बसवला, दोन्ही बाजूंना सात-सात पाटे टाकले. ट्रेलर जीपला वढंना. तरी आमी हौसेनं निघालो. चकलांब्याजवळ दिवस मावळताना एक खड्डा आला आणि जीपचाच एक्सल तुटला. मी चिडून रशीदभाईला फोन लावला.

त्यानं आधी विचारलं, "ट्रेलरला काय झालं?"

"ट्रेलरला काहीच न्हाई!"

"मग झोपा की त्यात. मी सकाळी येतो."