नालेची अंगठी

एक गोष्ट मी पत्नीपासूनही लपवली, आणि तुम्ही लिहून घेत आहात तर सुरुवात तिथूनच करतो: त्या दिवशी मधू चुकला नव्हता, चुकलो मी होतो, आणि ते कळल्यावरही मी ती चूक त्याच्याच नावावर राहू दिली.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडील रेल्वेत, म्हणून दुर्गच्या क्वार्टरमध्ये वाढलो, आणि मधूचं घर भिंतीला लागून. दोघं बरोबरच फौजेत भरती झालो. निघताना आईनं माझ्या मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घातली, शनी जड हाये गजू, आंघोळीलेही काढू नोको म्हणाली. काय सांगू तुम्हाला, तिची सगळी भीती त्या अंगठीत होती.

पुढे नकाशावाचनाच्या कोर्सला शिकवणारे उस्ताद रोज बजावत, कंपास डोळ्याला लावण्याआधी रायफल दूर करा, हेल्मेट दूर करा, लोखंड जवळ असलं की सुई उत्तर सोडते. नकाशाची उत्तर वेगळी आणि सुईची वेगळी. म्हणून नकाशावर कोन मोजायचा, त्यात दोन्ही उत्तरांतला फरक जोडायचा किंवा वजा करायचा, मग तो कोन कंपासवर धरून समोरचं एखादं झाड नेमायचं, तिथवर चालायचं, आणि तिथून पुन्हा पुढचं झाड. हिशेब मधूचा, कंपास माझ्या हातात. रायफल मी दर वेळी सोबत्याकडे दिली, हेल्मेट काढलं; अंगठी मात्र मला लोखंड वाटलीच नाही, ती आईची होती.

सरावात आमचा सेक्शन, म्हणजे आमची छोटी तुकडी, जंगलातल्या विहिरीऐवजी एका कोरड्या नाल्यात जाऊन उभा राहिला, बाटल्या रिकाम्या, सगळ्यांचे ओठ सुकलेले. उस्तादांनी विचारलं, हिसाब किसका था? मी म्हणालो, मधूचा. हे खोटं नव्हतं, म्हणून तर ते अधिक वाईट. मधूनं मान खाली घातली, उलटा जोड दिया होगा उस्ताद, म्हणाला. संध्याकाळी ताडपत्रीवरचा कंपास उचलायला मी हात पुढे केला आणि सुई माझ्या बोटाकडे वळली. अंगठी काढली, सुई परतली. मी उस्तादांच्या तंबूकडे निघालो, खरंच निघालो होतो, पण बढतीसाठी माझं नाव चर्चेत होतं आणि मी अर्ध्यातून मागे फिरलो. मधूला कोर्समधून काढलं. मी हवालदार होऊन निवृत्त झालो, तो शिपाईच राहिला.

आता दोघं दुर्गजवळच राहतो, मी नेहरू नगरला, तो जुनवानीला, आणि संध्याकाळी सिविक सेंटरला आमचा चहा ठरलेला. काल एका मोटारसायकलवाल्यानं मधूलाच विचारलं, भैया, जुनवानी किधर से जाएँ? मधू हसला, इनसे पूछो भैया, मैं तो फौज को भटका चुका हूँ. हा विनोद तो वर्षानुवर्षं करतो, आणि मी दर वेळी सोबत हसतो, पण मनात भीती, की आज याला कळेल, आज हा उठून जाईल. मधू राहतो जुनवानीत, आणि जुनवानीचा रस्ता सांगायला भितो.

मी रस्ता सांगितला, गाडी गेली, आणि मधूचं हसू मावळलं. म्हणाला, गज्या, सूनबाईनं प्लॉटचा नकाशा पुढं ठेवला, मामंजी, उत्तर कोनीकडं हाये? म्या म्हनलं, शेजारच्याले इचार. सोताच्या घराची उत्तर मले सांगता येऊन नाई राहिली गड्या. तू होता तिथं, खरं सांग, म्या उलटंच जोडलं होतं ना?

मी हातातला कप बाकावर ठेवला. हा माणूस उठून गेला तर माझ्या संध्याकाळी कुणाबरोबर जातील, हाच विचार आधी आला, आणि त्याचीही लाज वाटली. मग मी मोठ्यानं बोललो, इतकं मोठ्यानं की चहावाल्यानं मागे वळून पाहिलं.

मधू, तुहा हिशेब बराबर होता. लोखंड माह्या बोटात होतं, मले त्याच संध्याकाळी समजलं, अन् मी गप रायलो. मले माफ कर.