रेकॉर्ड एकाची, कव्हर दुसऱ्याचं

वहिनी : हिशेब साधा आहे, भाऊजी. उद्या दहाला गिऱ्हाईक येणार. रेकॉर्ड आणि कव्हर दोन्ही असेल तर घेणार, नुसती रेकॉर्ड घेणार नाही. रेकॉर्ड तुमच्या दादाकडे, कव्हर तुमच्याकडे. ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलंत, तर जे येईल त्यातलं अर्धं तुमचं. नाही ठेवलंत, तर अकरा वर्षांनी तीन जिने चढून आल्याचा व्यायाम तेवढा तुमचा.

धाकटा : व्यायाम चालेल मला. आणि मी कव्हर द्यायला आलोच नाहीये, वहिनी. रेकॉर्ड न्यायला आलोय. ती द्या, निघतो.

थोरला : निघतो म्हणे! ऐकलंस? दारात उभं राहून घंटी मारायची आणि गाडी सोडायची. कंडक्टर तो कंडक्टरच.

धाकटा : रिटायर होऊन दोन वर्षं झाली, दादा.

थोरला : मला कोणी कळवलं नाही.

धाकटा : तुम्ही विचारायला आला होतात का, मास्तर?

थोरला : मास्तर म्हणू नकोस. ते तुझ्या तोंडी शिवीसारखं वाटतं.

धाकटा : मग बरोबर ऐकू आलं.

वहिनी : सुरुवात चांगली झाली. पाणी देते, घसे कोरडे पडले तर पुढचं कसं होणार. आणि खोक्यांना अडखळू नका, भाऊजी. परवा आम्ही पोरीकडे राहायला जातोय. तिच्याकडे आम्हाला एक खोली, त्यात एक कपाट. यांच्या नऊशे रेकॉर्ड गेल्या शनिवारी टेम्पोत बसून गेल्या.

धाकटा : नऊशे गेल्या?

थोरला : गेल्या. तुला काय त्याचं?

धाकटा : काही नाही. आपल्या दोघांच्या पहिल्या शंभरपण त्यातच असतील, एवढंच.

थोरला : त्या माझ्या वाट्याच्या होत्या. आता ही एकच राहिलीये. आणि ती तू कुठल्या तोंडाने मागतोस? तिच्यावर ओरखडा कोणी पाडला?

धाकटा : आला! ओरखडा आला. अहो, पंचेचाळीस वर्षांत माणसाची जखमसुद्धा भरते.

थोरला : रेकॉर्डची भरत नाही. दुसरं कडवं संपतं, गाणाऱ्या तिघी पोरी आवाज चढवतात, आणि नेमकी तिथे सुई अडकते. ऊ, ऊ, ऊ. पोट दुखत असल्यासारख्या कण्हत बसतात. मला न विचारता पार्टीला नेलीस. आणि ज्या पोरीसाठी नेलीस तिने ढुंकून पाहिलं नाही.

धाकटा : पाहिलं होतं.

थोरला : रेकॉर्डकडे.

धाकटा : आणि कव्हरवर चहाचा कप कोणी ठेवला? तीन पोरी, एक छत्री, आणि मधल्या पोरीच्या तोंडावर तपकिरी गोल. भूमितीचा मास्तर ना! कंपासनेही असा गोल येणार नाही.

थोरला : ती बशी नसल्यामुळे झालेली चूक होती. तुझी चूक जाणूनबुजून होती.

वहिनी : दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पुढे चला.

धाकटा : पुढे काय, वहिनी? चार महिने शाळेत चालत गेलोय मी त्या रेकॉर्डसाठी. बसचे पैसे रोज डब्यात. हा मात्र सायकलवर शिटी वाजवत पुढे.

थोरला : खोटं! सायकल पंक्चर व्हायची, तेव्हा पंक्चरचे पैसे डब्यात टाकून सायकल हाताने ढकलत आणायचो. तू नुसता चालायचास. मी सायकलसकट चालायचो.

धाकटा : हे आज पहिल्यांदा ऐकतोय.

थोरला : सांगून करण्यासारखं होतं का ते?

वहिनी : घराच्या वाटणीच्या दिवशी मी तिथेच होते. पलंग वाटले, कपाटं वाटली, सासूबाईंचं शिवणयंत्रसुद्धा कुरकुर न होता ठरलं. आणि शेवटी वीतभर रेकॉर्डवरून दोन घोडे दारात ओढाताण करत होते. रेकॉर्ड घसरून यांच्या हातात आली, कव्हर तुमच्या हातात राहिलं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत कोणीतरी जाईल. अकरा वर्षं झाली, ती संध्याकाळ काही होत नाहीये.

थोरला : मी मोठा आहे. मी का जायचं?

धाकटा : मी लहान आहे. चुकी मोठ्याची. मी का जायचं?

वहिनी : बरं, आता आलायत ना? मग पिशवी इकडे द्या. बघू दे त्या छत्रीवाल्या पोरी म्हाताऱ्या झाल्या का.

धाकटा : हात नका लावू, वहिनी.

वहिनी : बघून परत देते. खाणार आहे का मी? अगंबाई.

धाकटा : काय झालं?

वहिनी : तीस वर्षं औषधांच्या खिडकीत बसलेय मी, भाऊजी. पुडी हातात आली की आत किती गोळ्या आहेत ते न मोजता कळतं. रिकामं कव्हर एवढं जड?

(वहिनी कव्हर तिरकं करते. आतून काळी रेकॉर्ड घसरून तिच्या तळहातावर येते.)

थोरला : ही कोणाची?

धाकटा : माझी.

थोरला : इकडे आण. उजेडात धर. ओरखडा नाही. लेबल कुठे फाटलेलं नाही. दुसरी घेतलीस तू!

धाकटा : घेतली.

थोरला : म्हणजे तुझ्याकडे पूर्ण आहे. कव्हर आहे, रेकॉर्ड आहे. आणि तरी माझी न्यायला आलास? भरल्या पोटी माझ्या ताटातलं उचलायला?

धाकटा : आवाज चढवू नकोस.

थोरला : माझ्या घरात चढवीन! मगाशी तू रेकॉर्ड मागितलीस, तेव्हा मला वाटलं... जाऊ दे. मूर्ख मी.

वहिनी : अहो, मूर्खपणाची वाटणी नंतर करू. आधी कपाट उघडा. निळी फाईल काढा.

थोरला : कसली फाईल?

वहिनी : विजेच्या बिलांच्या मागची. विजेची बिलं मी भरते, हे लपवताना विसरलात.

थोरला : तू कधी...

वहिनी : सहा वर्षांपूर्वी. उघडा म्हणते ना. किल्ली घड्याळामागे आहे, तीही मला माहीत आहे.

धाकटा : काय आहे त्यात? दादा, काय आहे?

थोरला : घे. बघ. डोळे भरून बघ.

धाकटा : कव्हर. चहाचा डाग नसलेलं. म्हणजे जिन्याखालचा खरं बोलला होता.

वहिनी : जिन्याखालचा कोण?

धाकटा : टॉकीजच्या जिन्याखाली जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे, तो. डोळा मिचकावत बोलतो. तो म्हणाला होता, तुमच्या थोरल्यांनी कव्हर बुक केलंय. तुम्ही काल फोन केलात, वहिनी, दादाला कव्हर लागतंय म्हणून. तेव्हा मी म्हटलं, म्हणजे तो खोटारडा होता. दादाने घेतलं नाहीये. सहा वर्षं उगाच डोक्यात राख घालून बसलो. तेवढं बघायलाच आलो मी. आणि हे बघ.

थोरला : फोन? तू फोन केलास याला? मला न विचारता?

वहिनी : केला. कव्हर लागतंय म्हटलं. लागत नव्हतं. खोटं बोलले. दंड उद्या भरते.

थोरला : आणि मला वाटलं, हा आपणहून आला.

वहिनी : तुम्ही दोघं आपणहून फक्त रुसता.

धाकटा : थांब. जिन्याखालचा तुला काय म्हणाला होता?

थोरला : तुमच्या धाकट्याने मोकळी रेकॉर्ड बुक केलीये म्हणाला. कव्हर त्याच्याकडे आहेच, आता त्याचं पूर्ण. तुम्ही मात्र अर्धे राहिलात, मास्तर. डोळा मिचकावून म्हणाला.

धाकटा : आणि मग तू घेतलंस.

थोरला : घेतलं. जेवढे सांगितले तेवढे मोजून.

वहिनी : म्हणजे माझ्या समुद्राच्या सहलीचे पैसे. मी अजून समुद्र चित्रातच बघितलाय. तुम्ही काय मोडलंत, भाऊजी?

धाकटा : मोटरसायकल.

वहिनी : उत्तम. आता दोघेही जरा गप्प बसा आणि माझ्या चष्म्याने बघा. भाऊजींच्या या नव्या रेकॉर्डच्या लेबलवर हिरव्या शाईने काय काढलंय?

थोरला : सतरा आकडा. आणि शेजारी मासा. त्यात काय? त्या काळी पोरं पार्टीला रेकॉर्ड न्यायची, तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून खूण करायची. लेबलवर एक, कव्हरवर तीच.

वहिनी : कव्हरवर तीच. छान समजावलंत. आता तुमच्या निळ्या फाईलमधल्या कव्हरचा मागचा कोपरा वाचा.

थोरला : सतरा.

धाकटा : आणि?

थोरला : मासा.

धाकटा : हिरवा?

थोरला : हिरवाच.

वहिनी : शेपटीसुद्धा एकाच बाजूला वळलीये.

धाकटा : म्हणजे त्याच्याकडे एकच होती. सबंध. आतली काढून मला विकली, वरचं काढून याला.

थोरला : हरामखोर!

धाकटा : मंगळवारी घेतली मी. त्या मंगळवारी तू कव्हर बुक केलं होतंस का?

थोरला : मी शुक्रवारी पहिल्यांदा गेलो त्या दुकानात. तोवर मला दुकानाचा पत्ताही नव्हता.

धाकटा : म्हणजे मंगळवारी तो खोटं बोलला. आणि मी घेतल्यामुळे शुक्रवारी तो खरं बोलला.

थोरला : आणि तू विश्वास ठेवलास! रस्त्यावरचा माणूस डोळा मिचकावतो, आणि तू भावाला एक फोन करत नाहीस.

धाकटा : तू केलास?

थोरला : तू आधी घेतलीस!

धाकटा : तू घेतलंयस असं कळलं म्हणून!

थोरला : कळलं! कंडक्टरकी केलीस ना आयुष्यभर? खोटी नोट ओळखता येते, खोटा माणूस नाही?

धाकटा : भूमिती शिकवलीस ना आयुष्यभर? सिद्धतेशिवाय मान्य कसं केलंस?

वहिनी : आता एकमेकांना तासून टोक काढलंत, तर टोचा तरी एकदाचं.

धाकटा : टोचतोच. ऐक, दादा. कव्हर माझ्या कपाटात होतं ना, तोवर मला वाटायचं, हा एक दिवस येईल. रेकॉर्ड नागडी किती दिवस ठेवणार? येईल मागायला. मी आधी नाही म्हणेन, मग चहा टाकीन, मग शिव्या घालून देईन. सगळं ठरवून ठेवलं होतं. आणि तो म्हणाला, तुझ्या भावाने दुसरीकडून घेतलं. त्या दिवशी दुकानात मी रेकॉर्डसाठी पैसे नाही मोजले. रागाला मोजले.

थोरला : भावाकडे यायला कारण लागतं?

धाकटा : आपल्यात लागतं. आणि तू तेही विकत घेऊन टाकलंस.

थोरला : तू काय केलंस मग? मीसुद्धा कप विसळून ठेवायचो रविवारी. वाटायचं, ओरखड्याची का होईना, मागायला येईल. तूही दुसरी घेऊन ती जागा भरून टाकलीस!

धाकटा : रविवारी माझी पाळी असायची. शनिवारी ठेवायचास.

थोरला : वेळापत्रक लावायचं होतंस दारावर.

वहिनी : आता माझं ऐका. माशाची रेकॉर्ड माशाच्या कव्हरात. हे बघा, बसली. ही जोडी उद्या गिऱ्हाइकाला. आणि ओरखड्याची रेकॉर्ड चहाच्या कव्हरात. ही तुमची खरी. ही कोणी ठेवायची?

धाकटा : मला नको. ओरखडा मीच पाडला म्हणून रोज ऐकून घ्यायचं?

थोरला : मलाही नको. पोरीकडे एक कपाट.

वहिनी : वीतभर जागा नाही कपाटात?

थोरला : आहे. पण याने दिली म्हणून ठेवणार नाही.

धाकटा : मी देतच नाहीये! अर्धी माझी आहे ती.

थोरला : कुठली अर्धी?

वहिनी : बापरे. पुन्हा अर्धी. मी घेते ती, आणि दोघांनाही दाखवणार नाही. झालं?

धाकटा : एक मात्र बरं झालं. माशाची जोडी उद्या खपली की माझी मोटरसायकल वसूल, वहिनींचा समुद्र वसूल. कोणाचं काही गेलं नाही.

थोरला : फिटंफाट. आल्यापासून पहिलं शहाणं वाक्य बोललास.

वहिनी : थांबा. बेरीज व्हायचीये अजून. जिन्याखालच्याने एक माल दोनदा विकला, तो नफ्यात. तुम्ही दोघे उद्या वसूल. मग भरलं कोणी? त्या शुक्रवारनंतर नवव्या दिवशी आपल्या पोरीचं लग्न होतं. भाऊजी, तुम्ही आला नाहीत.

धाकटा : पाळी होती.

वहिनी : नव्हती. मी डेपोत विचारलं होतं. आणि अहो, तुम्हाला मी म्हटलं, जा, घेऊन या त्यांना, गाडी दारात उभी आहे. तुम्ही म्हणालात, त्याचं सगळं पूर्ण आहे, त्याला आपली गरज नाही. तेव्हा मला कळलं नाही काय पूर्ण आहे ते.

थोरला : अगं, आता ते कशाला...

वहिनी : घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढायचा होता. काका आला की काढू, म्हणाली ती. शेजारी जागा ठेवून उभी राहिली. फोटोवाला भला माणूस, पाऊण तास थांबला. मग त्याला दुसऱ्या लग्नाला जायचं होतं.