झिजून जड झालेला तुकडा

तुमचं बिस्किट चहात फुगलं, म्हणून आठवलं. खरं तर हा किस्सा आमच्या सुनंदानंच सांगायचा. ती इथं नाही, म्हणून मीच सांगतो.

तिची पीएचडी चालली होती. रेझिन म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात बाभळीचा भुसा मिसळून तुकडे बनवायचे, ते फिरत्या पोलादी चकतीवर घासायचे आणि आधीचं-नंतरचं वजन करून झीज काढायची. एका दमट दिवशी तासभर घासलेला तुकडा उलट जड भरला.

तिचे मार्गदर्शक म्हणाले, "मॅडम, तेवढं रीडिंग गाळा. दोन महिन्यांचं काम कशाला बुडवता?"

ती तुकडा घेऊन थेट शुक्रवार पेठेतल्या वखारीत गेली. भुसा तिथूनच आणला होता. तिथल्या मल्लप्पा मिस्त्रींनी तुकडा हातात फिरवला, हुंगला.

"बाई, भुसा वाळवला व्हता का?"

"नाही."

"मग? लाकडाचं पीठ केलं तरी त्ये पाणी पितंयच की. तुमी झीज न्हाय, हवेतलं पाणी मोजलंय."

तिनं दोन महिन्यांचे सगळे आकडे रद्द केले आणि भुसा वाळवून, शिवाय प्रत्येक वजनाआधी तुकडाही वाळवून पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडला. "आभारात पहिलंच नाव मल्लप्पा. हे कुठल्या संस्थेत असतात?"

"लाकडाच्या वखारीत, सर," सुनंदा म्हणाली. "आत्ता दाराबाहेर बसलेत. भुशाबद्दल काही विचारायचं असेल तर त्यांनाच बोलावते."