दोराचं दुसरं टोक

काकू, शेजारचे सगळे, आणि सरांच्या क्लासमधले माझे सोबती. मला बोलायला सांगितलं आहे आणि मला ते जड जातं आहे. म्हणून सरांनी शिकवलं तसं करते. आधी सुटी वाक्यं. एका वाक्यात एकच गोष्ट.

एक. मेश्राम सरांनी सोमवारी संध्याकाळी क्लास घेतला.
दोन. मंगळवारी सकाळी त्यांच्या छातीत दुखलं.
तीन. त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं.
चार. दुपारी ते गेले.
पाच. तेव्हापासून क्लासच्या खोलीला कुलूप आहे.

जोडायची घाई करू नका, असं सर सांगत. ही वाक्यं मी जोडणार नाही. आज मला ते जमणार नाही.

सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी इथे वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे, खोली भाड्याने घेतली. आम्ही मराठी शाळांतून आलेलो. पॉलिटेक्निकची पुस्तकं इंग्रजीत. मोटर कशी फिरते ते मला कळायचं, पण पुस्तकातलं वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळायचं नाही. वाक्यांचे प्रकार विचारले की आम्ही सगळे एकच चूक करायचो. लहान वाक्य म्हणजे केवल, लांब वाक्य म्हणजे मिश्र. आम्ही वाक्य टेपने मोजल्यासारखं मोजायचो.

सरांनी एके दिवशी गोदामातून माल बांधायचा दोर आणला. पारशिवनीचा तुळशीराम, तो आज मागे उभा आहे, त्याला पुढे बोलावलं. त्याला वाक्य दिलं, ‘व्हेन द ट्रक केम’. म्हणजे, ट्रक आला तेव्हा. तुळशीरामने ते खणखणीत म्हटलं आणि तो खाली बसला.

“काहून बसला गा?” सर म्हणाले.

“झालं ना सर माह्यं.”

“तुयं झालं? ट्रक आला तेव्हा काय झालं? आम्ही सारे वाट पाहून राहिलो. ऊठ. एका पायावर उभा राह्य.”

दोराचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दुसरं टोक माझ्या हातात. माझं वाक्य होतं, ‘वी लोडेड द बॅग्ज’. आम्ही पोती भरली. मी दोन्ही पायांवर उभी. सर म्हणाले, “आता सोड वं दोर.” मी सोडला. तुळशीराम बाकावर आदळला. सगळा वर्ग हसला. तुळशीराम म्हणाला, “सर, इंग्रजीनं पाय मोडला तर घरी काय सांगू?”

“पूर्ण वाक्यात सांगजो,” सर म्हणाले.

मग त्यांनी दोघांना दोन्ही पायांवर उभं केलं आणि मध्ये दोर दिला. दोर सोडला तरी दोघंही उभे. ते संयुक्त. एक उभा, दुसरा त्याच्या आधाराने एका पायावर, ते मिश्र. ‘स्टॉप इफ आय वेव्ह’, मी हात हलवला तर थांब. एवढंसं वाक्य, पण मिश्र. त्या दिवसानंतर आमच्यापैकी कोणी वाक्य लांबीवरून ओळखलं नाही.

मला सर एकदा म्हणाले होते, “तू लई नीट बोलते वं. पण सारी केवल वाक्यं. कोणाले दोर देशील का नाही?” 

आता जे सांगायचं ते सांगते. दिवाळीपासून सर आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट मागत होते. आठवड्यातला एक वार कोणीतरी शिकवायला घ्या. मले आता दम लागते, असं म्हणायचे. आम्ही काय म्हणालो? तुळशीराम ट्रक चालवतो, तो म्हणाला, गाडीची लाइन, म्हणजे ठरलेला रस्ता, बदलली की. कोणी म्हणालं, लग्न उरकलं की. मी म्हणाले, शिफ्ट बदलली की.

सर हसून म्हणायचे, “हे सारे एका पायावर उभे आहेत. पुढचं सांगा.”

पुढचं आम्ही सांगितलं नाही. त्यांनी वाट पाहिली. सोमवारचा क्लासही त्यांनीच घेतला.

समोर सुकेशिनी बसली आहे. मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर ती दुसऱ्यांदा देणार आहे. तिच्यासारख्या आणखी मुली आहेत. परीक्षा जवळ आली. मघाशी दारात तिने मला विचारलं, “ताई, आता आमाले कोण शिकवन?” मी म्हणाले, बघू. ते म्हणतानाच मला सरांचा चेहरा आठवला. सुकेशिनी, बघू हे उत्तर नाही. मी बुधवार घेते. शिफ्ट बदलली नाही तरी घेते.

सरांच्या मागे काकूंनी खोलीची किल्ली ठेवून घेतली आहे. खोली ठेवणार का, हे विचारायला रविवारी येतो, असं घरमालकाने म्हटलं आहे. तोवर बाकीच्या वारांना माणसं मिळाली नाहीत, तर खोली जाईल.

आता आपण उभे राहू. सरांसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका. सर, आम्हाला उशीर झाला. तुम्हाला आमचा नमस्कार.

त्यानंतर लगेच निघू नका. कोण कोणता वार घेणार, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत मला किंवा तुळशीरामला सांगा. जमलं तर, वेळ मिळाला तर, असं नको. घेतो किंवा घेत नाही, एवढंच सांगा.