नऊ जोड

(भर दुपार, तिसऱ्या मजल्यावरचा जिना. मावशी आपल्या दारात. समोर भाडेकरूंचे सेक्रेटरी अर्ज घेऊन उभे.)

सेक्रेटरी : सही करा, मावशी. आज घरमालकाला अर्ज दिला की समोरचं परमुलखातलं बिऱ्हाड महिनाअखेर बाहेर.

मावशी : लिहिलंयस काय?

सेक्रेटरी : तुम्ही सांगितलंत तेच. खोली मायलेकींच्या नावावर आणि आत नऊ पुरुष. दाराशी नऊ जोड बूट.

मावशी : बूट मोजले खरे. माणूस एकही नाही पाहिला.

सेक्रेटरी : दिसतील कशाला? बेरकी लोक! सत्त्याऐंशी साली मी आलो तेव्हा बाराही दारं आपली होती.

मावशी : आणि त्यांच्यातलं पहिलं बिऱ्हाड आलं तेव्हा कपाट वर चढवायला तूच खांदा दिलास.

सेक्रेटरी : तेव्हा एकच होतं. आता पाच झालीत.

मावशी : एक होतं तोवर पाहुणे, पाच झाली की चोर?

सेक्रेटरी : मग तुम्ही का हो भरदिवसा कडी लावून बसता?

मावशी : लावते. खोटं कशाला बोलू? थांब, आलीच ती समोरची जिना चढून. अगं ए, हे बूट कुणाचे?

शेजारीण : घरातल्यांचे.

सेक्रेटरी : बोलवा बाहेर.

शेजारीण : झोपलेत. रात्रपाळी असते.

मावशी : हा बूट उचल बघू. आत कोळ्यानं जाळं विणलंय. कामावर जाणाऱ्याच्या बुटात कोळी संसार थाटतो होय गं?

शेजारीण : ...जुन्या बाजारातून आणले. मी कामावर जाते. मुलगी एकटी असते. आत पुरुष आहेत असं वाटावं, म्हणून.

मावशी : भीती कुणाची?

शेजारीण : तुमची. मी जिन्यात आले की सगळी दारं लागतात.

सेक्रेटरी : ही खरं बोलतेय कशावरून? सही करा तुम्ही.

मावशी : मोजले मी, साक्षीदारही मीच. माझं नाव खोड त्यातून.

सेक्रेटरी : मग अर्जात उरलं काय?

मावशी : तेच म्हणते मी. जा, जेवून घे.

सेक्रेटरी : पस्तावाल, मावशी!

मावशी : पस्तावेन. उतर आता. आणि तू गं, ऐक. रोज बूट झटकत जा, जागा बदलत जा. दोन जोड पुरेत. नऊ म्हटल्यावर आम्हीच घाबरलो.

शेजारीण : आणि तुमची कडी?

मावशी : बघते. हाताची सवय आहे, एकदम नाही सुटायची.