पाठीवर हात

कोल्हापुरात दवाखान्याच्या बाकावर माणसं मूळव्याधीबद्दल मोठ्यानं बोलतात. मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर मात्र चोरासारखी बसतात. माझ्या शेजारी चांदीकामाच्या हुपरीचं एक जोडपं बसलेलं.

"आज तरी तोंड उघडा. मागल्या खेपंला नुसत्या फरश्या बघत बसलासा."

"काय सांगू? बाप मारत हुता म्हणून? सगळ्यांचेच मारत्यात."

"सगळ्यांची पोरं मोठी झाल्यावर, बायकोनं पाठीला हात लावला की वरडत न्हाईत."

"हळू. पावणं ऐकाय लागल्यात."

"ऐकू द्यात की."

"सांधा जोडाय चांदीला डाग द्यायला बसलो की बाप मागनं यायचा. पावलं वाजायची न्हाईत त्याची. डाग चुकला की फुकणी पाठीत."

"म्हणून तर ह्या वयात घुंगराचं पैंजण घातलं मी. जाऊबाई म्हणती, नाचाय जाणार हाईस काय?"

"वाजलं की कळतंय, तूच हाईस."

"तरी अंग चोरतासा."

"कानाला कळतंय. पाठीला कळत न्हाई."

"मला दुसरं काय नगं वो. तुमच्या पाठीवर हात ठेवून एकदा झोपायचं हाय."

दार उघडलं. बाईंनी आत बोलावलं.

"ऐक. सांगाय जमायचं न्हाई मला. आत गेल्यावर तूच पाठीवर हात ठेव."

"बाईंच्या म्होरं?"

"व्हय. वरडलो तर त्यास्नी कळंल तरी."

"आणि न्हाई वरडलासा तर?"