बटण एकच

...आणि वर मला विचारतात, "काका, याला ब्लूटूथ आहे का?" अरे, ब्लूटूथ कसलं! याला धड स्विच नाहीये रे! तुम्हाला सांगतो, वडाळे तलावाच्या काठावर तुम्ही एक पत्र्याची पेटी मांडा, तिच्यात पुरुषभर उंचीची एरियल खोचा आणि नुसते उभे राहा, अख्खं पनवेल चालायचं सोडून तुमच्याभोवती जमतं. एक म्हणे मासे पकडताय का, एक म्हणे ड्रोन आहे का, एक बाई तर कानाशी येऊन हळूच, "भूकंपाचं काही आहे का हो?" होडी आहे, म्हटलं. खेळण्यातली. रेडिओवर चालणारी. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे ना, दिव्यासारखे, त्यांच्यावर चालणारी. आणि बटण एकच!

नाही, हे तुम्ही नीट समजून घ्या, कारण माझं सगळं वाटोळं तिथंच झालंय. बटण एकच. दाबून धरलं की होडी डावीकडे वळते, सोडलं की सरळ जाते. परत दाबलं की उजवीकडे. परत दाबलं की डावीकडे. म्हणजे मागच्या वेळी काय झालं ते ज्याच्या लक्षात, त्याची होडी! आत एक खटका असतो, तो सुकाणू हलवतो, आणि खटका फिरतो कशावर? तर पिळलेल्या रबरावर! हसताय काय? लोक चंद्रावर जाऊन आले आणि आमचं सुकाणू रबरावर!

आमचं म्हणजे माझं आणि काशिरामचं. काशिराम जासईचा. घरची मिठागरं, पण हा पठ्ठ्या गोदीत वायरलेस मेकॅनिक. त्यानं हा परदेशी सेट चोरबाजारातून उचलून आणला, मोडका, आणि चालू केला. होडी स्वतः सागाच्या लाकडातून कोरली. आणि मी? मी बँकेत. माझं काम बटण दाबायचं, त्याचं काम माझ्या खांद्याशी उभं राहून लक्षात ठेवायचं. मी दाबलं की हा म्हणणार, "डावा झाला." मी दाबलं की, "उजवा झाला." मिठागराच्या तळ्यात आमची होडी वर्षानुवर्षं अशीच फिरली... दोन माणसं आणि बटण एकच. आता तिथं तळं नाही. तिथं कंटेनरचे ट्रेलर वळतात, आणि त्यांनासुद्धा वळताना मागं एक माणूस लागतोच, "आने दो, आने दो" करायला!

आणि काशिरामची बायको, कुमुदवहिनी, ती आयुष्यात एकदाही बघायला आली नाही. आम्ही तळ्यावर निघालो की घरातून आवाज यायचा, "जा, जा! पोरांची लग्नं झाली, तरी तुमी खेळणी खेळा! लाज नाय वाटत?" मग सेट बिघडला, मग माळ्यावर गेला, मग आम्हीच बिघडलो... आणि गेल्या पावसाळ्यात काशिराम अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो तर बोलताना धाप, हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार हा. म्हणाला, "कमलाकर, सेट दुरुस्त कर. एकदा कुमुदला दाखव. तिच्या पायाशी आणून लाव होडी." म्हटलं, लावतो. आता जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं, व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून? तो गेला, आणि पेटी माझ्याकडे आली.

आता पेटीचं ऐका. उघडली, तर आत झुरळांच्या पिढ्या! कंडेन्सरचं मेण गळून सगळीकडे पसरलेलं, तारांचं आवरण हात लावला की भुगा. व्हॉल्व्ह मी माझ्या पायमोज्यात गुंडाळून ठेवायचो, पद्मजानं एकदा धुवायला टाकले होते, नशीब मशीन लावायच्या आधी बघितलं! पद्मजा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. बरं, ह्याला बॅटरी लागते नव्वद व्होल्टची, ती हल्ली कोण बनवतो? कोणी नाही. म्हणून त्या छोट्या चौकोनी बॅटऱ्या मिळतात ना, त्यांची माळ केली, आणि माळेनं मला पहिला प्रसाद दिला तो असा, की चष्मा उडून वरणात! "अहो, माणसं रिटायर झाल्यावर काशीला जातात. तुम्ही जेवणाच्या टेबलावर शॉक काय खाताय?" टेबल तर त्या दिवसापासून पेटीलाच गेलं, आम्ही वर्षभर खाली बसून जेवलो. आमचा निनाद खारघरहून आला की, "बाबा, नवीन मिळते ऑनलाइन. परवा घरपोच. रिमोट केवढा, त्याला बटणं किती!" अरे, मिळेल रे, पण ती काशिरामची कशी होणार? ह्याला बटण एकच असू दे, पण ते त्याचं आहे ना!

रबरानं तर रडवलं. पायजम्याचं इलॅस्टिक लावून झालं, भाजीच्या जुडीची रबरं झाली, शेवटी सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापली, पिळली, बटण दाबलं, आणि... टक! सुकाणू डावीकडे. परत टक! उजवीकडे. तुम्हाला सांगतो, मी रडलो. वाटलं, आता काशिराम खांद्याशी बोलणार. पद्मजा पोळी तव्यावर टाकून धावत आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?"

मग वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी वहिनीला जासईहून रिक्षानं तलावावर आणलं. पाण्यालगतच्या पायरीवर उभी केली. मी रबर पिळलं, मोटर लावली, होडी सोडली... आहाहा, काय गेली हो! ब्लूटूथवाला पण पुढं सरकला. बटण दाबलं, डावीकडे. सोडलं, सरळ. दाबलं, उजवीकडे. सोडलं. आता एकच डावं वळण, की होडी वहिनीच्या पायाशी. वहिनी वाकली पण होती. आणि मी थांबलो! कशासाठी थांबलो? अहो, खांद्याशी कोणीतरी बोलेल म्हणून! चक्क मागं वळून बघितलं मी. मागं तो भूकंपवाल्या बाईंचा घोळका.

पुढं बघतो तर होडी निघाली लांब. आता शेवटचं काय झालं होतं? डावं? उजवं? टेबलावर कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं हो, सुकाणू डोळ्यांसमोर! इथं ते पाण्याखाली. मी तारा बदलल्या, कंडेन्सर बदलले, रबर बदललं, पण लक्षात ठेवणारा माणूस... तो कुठल्या दुकानात मिळतो? भीतभीत दाबलं, ती डावीकडेच वळायला लागली, बरोबर होतं हो, पण मला वाटलं चुकलं! सोडलं. परत दाबलं, ती भलतीकडे. मग काय, टकाटक टकाटक दाबत सुटलो, आणि दर दाबण्याला रबराचा पीळ सुटतो हे माहीत असून दाबत सुटलो! पीळ संपला. सुकाणू सरळ. होडी तलावाच्या मधोमध कमळाच्या पानांत शिरली, जरा गुरगुरली, आणि बंद पडली.

वहिनी पायरीवर तशीच वाकलेली. हळूच सरळ झाली. म्हणाली, "भावजी, आता परत बोलवा तिला."

"वहिनी, नाही येणार ती आता. बटण एकच आहे. परत ये म्हणायचं बटणच नाहीये ह्याला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मग वरीसभर दुरुस्त काय केलात तुमी?"

हातात बटण होतं, तेच परत दाबलं.